सोबत वीस तिकिटं

फ्रँकफर्ट, नोव्हेंबर १९७७

आईस, दुरूनच घट्ट मिठी.

मी ठणठणीत आहे. तुझा मनुकांचा केक सगळ्या कचेरीनं मिटक्या मारत खाल्ला. तुझा गुडघा कसा आहे? कोळसा भरलास ना?

आपली इलजे पोलिसांच्या गोळीनं गेली, ते रेडिओवर ऐकलंच असशील. "दादा, जुन्या नाझींच्या सरकारचे शिक्के मारत बस!" म्हणायची मला. आमच्या टपाल कचेरीत भिंतीवर फरारी अतिरेक्यांच्या फोटोंचं पत्रक आहे. कुणी मेलं की त्याच्या चेहऱ्यावर फुली मारायची, हे काम माझं. आज तिच्यावर मारली. आणि पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली गं.

तेच पत्रक तुमच्या टपाल कचेरीतही आहे. म्हणून सोबत वीस टपाल तिकिटं पाठवतोय. पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाक, आत जाऊ नकोस.

तुझा, आता एकुलता,
एकहार्ट