तुझी कालवांची जागा मी विद्यापीठाला सांगितली

प्रिय यमुनावैनी,

तुझ्या गळ्याची शपथ मी मोडली. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला कळण्याआधी मीच लिहिते. तिथं वर देवाघरी आपल्या आळीतल्या बायका आता पुष्कळ जमल्यात, आणि त्यांच्या तोंडाला झाकण कधी नव्हतंच. चौथीपर्यंत शिकले मी, तेव्हा अक्षराला हसू नको. तू तर अंगठाच उठवायचीस.

खाडीतली तुझी कालवांची जागा मी सांगितली. एकट्यादुकट्याला नाय, अख्ख्या विद्यापीठाला.

आता डोळे वटारून झाले असतील तर पुढं ऐक. माझी नात प्रणाली, जिला मांडीवर घेऊन तू शिंपल्यांतली कालवं सोलायचीस, ती काल डॉक्टर झाली. सुई टोचणारी नाय, पीएचडीवाली. खाडीतल्या खडकाखडपांवर कालवं कुठं हायत आणि किती उरलीत, यावर तिनं चार वर्षं काढली. आपण तर जन्म काढला, आपल्याला कोणी डॉक्टर म्हटलं का?

विद्यापीठानं इथं खाडीकाठी संशोधनाचं केंद्र काढलंय. प्रणाली तिथली पहिली विद्यार्थिनी. तिला शिकवणाऱ्या देसाई मॅडम सुरुवातीलाच घरी आल्या होत्या, त्यांनी मला समजावलं. "आजी, देशातल्या विद्यापीठांचे नंबर लागतात. आमचा फार खाली आहे. चांगलं संशोधन झालं, पीएचडी करणारी मुलं वाढली, की नंबर वर चढतो."

मी म्हटलं, "म्हणजे तुमचंही बाजारासारखंच. टोपली कोणाची ताजी, ते बघतात."

"हो. आणि इथली पहिली टोपली प्रणालीची. ती नासली तर केंद्र उचलून शहरात नेतील."

म्हसळ्याच्या दोन पोरी तर इथं पीएचडीची जागा मिळायची वाट बघत बसलेल्या. केंद्र गेलं तर त्यांना शहरात कोण पाठवणार? लग्न लावून मोकळे होतील.

तर प्रणाली वही घेऊन घरोघर फिरली. "मावशी, तुम्ही कालवं कुठं काढता?" असं सरळ विचारत. सरळ! आपल्या घरात वाढलेली पोर, आणि तिला एवढं कळू नये? सगळ्यांनी हात केले. कोणी उत्तरेला, कोणी पुलाकडं, झुबेदाबीनं तर मशिदीच्या मागं दाखवलं, जिथं नारळाच्या करवंटीशिवाय काही सापडायचं नाय. प्रणालीनं कॉम्प्युटरवर रंगीत नकाशा केला आणि ओहोटीला मॅडमना घेऊन तपासायला गेली.

मांडीपर्यंत चिखल. एक कालव नाय. मॅडमची एक चप्पल अजून तिथंच हाय.

घरी आली ती मगरीसारखी. "आजी, सगळ्या खोटं बोलल्या."

"खोटं कसलं? जागा विचारली की दुसरीकडं बोट दाखवायचं. रीत हाय ती."

"तूसुद्धा?"

"मी तर पयली."

मला हसू येत होतं, वैनी. मला माझं नवरीपण आठवलं. मीही तुला असंच विचारलं होतं ना, "वैनी, टोपली कुठं भरलीस?" आणि तू इतक्या मायेनं बोट दाखवलंस की मी दोन वर्षं त्या चिखलात रुतत राहिले. मग तुझे गुडघे गेले तेव्हा कुठं खरी जागा दाखवलीस, तीही कोणाला सांगणार नाय अशी तुझ्या गळ्याची शपथ घ्यायला लावून. दोन वर्षं! एवढी काय मी परकी होते?

पण प्रणाली हसली नाय, रडलीही नाय. पाय धुतले आणि म्हणाली, "जागा तुमची आहे, तुम्ही ठेवा. मी मॅडमना सांगते, माझं काम चुकीचं निघालं."

पोरगी खोटं छापायला तयार नाय, मी खरं सांगायला तयार नाय. दोघींतल्या एकीला हटायला पाहिजे होतं. मी म्हातारी, माझंच कमी बिघडणार होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. हातात चहा दिला, म्हणजे उठून जाता येत नाय. मग सांगून टाकलं, "माझी जागा पडक्या बुरुजाखाली, मोठ्या खडपाच्या मागं. उधाणाच्या ओहोटीला उघडी पडते."

झुबेदाबीची बशी तोंडाशीच थांबली. "सुशीला, डोकं फिरलं काय तुझं?"

"फिरलं. पुढं ऐक. तिथली निम्मी कालवं मेलीत. वर गाळ बसलाय. मला वाटायचं, माझ्याकडून काही चुकलं म्हणून जागा रुसली."

तिनं बशी खाली ठेवली. "माझीपण रुसलीय. मला वाटलं, कोणाची नजर लागली."

मग एकेकीचं तोंड उघडलं. वैनी, सगळ्यांच्याच जागांवर गाळ चढत होता, आणि जिला तिला वाटत होतं आपल्याच जागेवर. विचारणार कोण? विचारलं तर जागा कळते. एकच दुखणं आम्ही इतकी वर्षं वेगवेगळ्या पदरांखाली झाकून बसलो. शेवटी शेवटी तू खाटेवरून विचारायचीस, "जागा बरी हाय ना?" मी म्हणायची, "भरलेली हाय." ते तुला खरं सांगायला हवं होतं. तुला काहीतरी सुचलं असतं.

त्या ओट्यावरून प्रणालीचं काम उभं राहिलं. गाळ कुठून येतो तेही तिनं शोधलं. काल तिची शेवटची परीक्षा, सगळ्यांसमोर. आम्ही सहाजणी एसटीनं गेलो, मागच्या रांगेत बसलो. बाहेरगावचे एक म्हातारे सर होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी विचारलं, "या बायकांनी खरंच सांगितलं कशावरून?"

प्रणाली म्हणाली, "पहिल्यांदा सगळ्या खोटं बोलल्या, सर. तेही प्रबंधात लिहिलंय. दुसऱ्यांदा प्रत्येक जागेवर मी त्यांच्याबरोबर उतरले."

सर मागं वळले. "आजी, खरं सांगितलंत ना?"

मी म्हटलं, "तिला सांगितलं. तुम्ही विचारलं असतंत तर पुलाकडं बोट केलं असतं."

सगळा हॉल हसला. सरही हसले, आणि पोरगी डॉक्टर झाली. केंद्र इथंच राहतंय, पीएचडीच्या जागा वाढल्यात, म्हसळ्याच्या दोघी येतायत. विद्यापीठाचा नंबर किती चढेल ते त्यांचं ते बघोत.

आणि एक. तिच्या प्रबंधाच्या पुस्तकात नकाशा हाय. बुरुजाखाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'यमुनेचं खडप'. मी नाव सांगितलं नव्हतं, पोरीनंच घातलं. तुला तुझं नाव वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

आता तुला शब्द देते, आणि हा मोडणार नाय. म्हसळ्याच्या पोरी वही घेऊन माझ्या दारात येतील, विचारतील, "आजी, कालवं कुठं मिळतात?" तेव्हा मी मायेनं बोट दाखवीन आणि त्यांना आधी चिखलात पाठवीन. तुझ्यासारखी दोन वर्षं नाय, एकच ओहोटी. पाय धुवायला पाणी तापवून ठेवीन, आणि मग हाताला धरून तुझ्या खडपावर नेईन.

तुझी चिखलातली जाऊ,
सुशीला