लिंबाच्या रंगाची खोली

प्रिय सिस्टरबाई,

त्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराला तू ताईच्या बाळाच्या नाकावर अंगठा हलकेच दाबलास आणि उचललास, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. पण तेव्हा ते मला कळलं नाही. तेव्हा मला नुसता राग आला होता.

फोन तू उचलत नाहीस, बरोबरच आहे. हे पत्र मात्र फाडू नकोस.

आपली पहिली भेट आठवते? नर्सिंगच्या होस्टेलच्या भिंतीचा टवका रुमालात बांधून तू मी काम करतो त्या रंगाच्या दुकानात आली होतीस. तुझ्यावर छाप पाडायला मी करड्या रंगाच्या एकाच पट्टीचे दोन तुकडे केले. एक काळ्या पुठ्ठ्यावर ठेवला, एक पांढऱ्यावर. पहिला उजळ दिसला, दुसरा मळकट. तू म्हणालीस, "हात्तिच्या, दोन वेगळे आहेत!" दोन्ही शेजारी धरल्यावर हसत सुटलीस. मी ऐटीत म्हणालो, "सिस्टरबाई, डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्यानं या धंद्यात पडू नये." कॉलेज दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून सोडलं होतं. घरात मला सगळे वाया गेलेला म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपल्याला हुशार समजतंय. तेच डोक्यात गेलं बघ.

ताईच्या बाळासाठी खोली मी रंगवली, ताज्या लिंबाच्या सालीसारखी. तीन वेळा शेड बदलली. त्या भिंतींचा रंग चादरीवर पडायचा, ताईच्या पांढऱ्या गाउनवर पडायचा, माझ्या हातांवरही. आणि दवाखान्यातून आल्यापासून त्याच खोलीत बसलेल्या ताईच्या डोळ्यांना तो दिसेनासा झाला होता. सवय झाली की डोळा रंग गिळून टाकतो, हे मीच सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरायचो.

त्या मंगळवारी तू बाळाला बघायला आलीस आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलंस. "बाळ पिवळं आहे, नाक दाबून सोडलं तरी खालची कातडी पिवळीच दिसते. पाचवा दिवस आहे, दूध नीट ओढत नाही. आजच दवाखान्यात न्यायला सांग." मी म्हणालो, भिंतीचा रंग आहे तो, चादर बघ, तीही पिवळीच दिसते. तू म्हणालीस, "चादरीला डोळे नसतात. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघ. नाहीतर त्याला घेऊन बाहेर उजेडात ये." दाराबाहेर दहा पावलांवर गॅलरीत ऊन होतं गं. दुकानात दोनशे मिलीच्या डब्यासाठीसुद्धा मी नमुना बाहेर नेऊन बघतो. करड्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून बघतो, आजूबाजूचे रंग फसवू नयेत म्हणून. आणि त्या दिवशी दहा पावलं चाललो नाही, कारण रंगातलं मला शिकवणारी तू कोण! वर म्हणालो, "ताई आधीच घाबरट आहे. तिला एक शब्द बोललीस तर आपलं संपलं."  तू चप्पल घातलीस आणि निघालीस. जिन्यात वळून म्हणालीस, "मग तू तरी ने. आजच."

संध्याकाळी ताईनं विचारलं, "काय म्हणाली रे तुझी सिस्टरबाई बाळाला बघून?" मी म्हणालो, "गोड आहे म्हणाली."

गुरुवारी बाळ अंगावर पिईना, मान मागे टाकून किंचाळायला लागलं. त्याचं रक्त बदललं, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कावीळ मेंदूपर्यंत गेली आहे, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. आता बाळ आठ आठवड्यांचं आहे. काल माझ्या हातून झाकण फरशीवर आपटलं. ताई दचकली, बाळ छताकडे बघत राहिलं. दोन्ही कानांची तपासणी झाली आहे. मान धरेल की नाही, तेही कुणी नक्की सांगत नाही.

मला कुणी काही बोललं नाही. "त्या बिचाऱ्याला काय कळतंय," म्हणे. सगळं तुझ्यावर आलं: नर्सिंग शिकते, बाळाला हातात घेतलं, आणि अवाक्षर काढलं नाही! भावोजींनी तुझ्या कॉलेजात लेखी तक्रार दिली. तू घरी आलीस, सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी सांगितलं होतं. याला विचारा." भावोजी माझ्याकडे वळले. मी फरशीकडे बघत बसलो. तू अर्धं मिनिट थांबली असशील. ते अर्धं मिनिट अजून संपलेलं नाही.

आज अकराला तुझी चौकशी आहे, म्हणून हे लिहिलं. कॉलेजातून तुझं नाव काढून टाकणार आहेत असं ऐकलं. हे पत्र तुझ्या होस्टेलवर देऊन जातो, चौकशीत टेबलावर ठेव. खाली माझी सही आहे. मीही येऊन तुमच्या प्रिन्सिपॉल बाईंसमोर तोंडानं सांगणार आहे. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. तासाभरापूर्वी ताईला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं बाळाला माझ्या मांडीवरून उचललं, एवढंच म्हणाली, "माझ्या घरात थांबू नकोस." पिशवी भरली आहे. किल्ली टेबलावर ठेवतो आहे. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येतोय आणि ताई त्याला गप्प करायला गाते आहे, त्याला ऐकू येत नाही तरी. आता हे पाकिटात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच, तू नाही म्हणालीस तरी,
रंगोबा