योसेफाचे दोन बाप

५ जानेवारी १९३१, सोमवार. तळोदा.
मिशनच्या शाळेत मास्तरची पोस्ट निघाली आहे. उमेदवार दोन, मी आणि शहाद्याकडचा भिला. पाद्री साहेब म्हणाले, ता. २५ ला दोघांनी मंडळीपुढे सर्मन, म्हणजे प्रवचन, द्यावे, त्यावरून ठरवू. भिलाने हरवलेले मेंढरू घेतले. ते कोणीही सांगेल. मी येशूची वंशावळ घेतली. ती कोणीच घेत नाही. पोस्ट नक्की समजावी.
पगार सुरू झाला की मुलीच्या बापाला द्यायचे देज भरून गुलाबबाईला आमच्या घरी आणायचे. तिचे वडील गोवालमामा यांना मुलगा नाही. ते म्हणतात, देज नको, घरजावई हो. सहावी शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही. नाही म्हणजे नाही.

८ जानेवारी, गुरुवार.
अडचण. शुभवर्तमानात मत्तय लिहितो, मरीयेचा नवरा योसेफ, त्याचा बाप याकोब. लूक लिहितो, एली. वाटले छापखान्याची चूक. साहेबांच्या इंग्रजी प्रतीतही तेच. दावीदापर्यंत दोघांचे जमते. पुढे मत्तय दावीदाचा मुलगा शलमोन याच्या घरून येतो, लूक दुसरा मुलगा नाथान याच्या. शिवाय मत्तय चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट सांगतो. शेवटच्या गटात मला तेराच सापडतात. चिंचोके मांडून पाहिले. तेराच. हे सर्मनमध्ये घ्यायचे नाही.

११ जानेवारी, रविवार.
माझ्या बाला विचारले, एका माणसाला दोन बाप कसे असतील. बा आत जाऊन आईला म्हणाला, याला कोणी काय सांगितले.

१४ जानेवारी, बुधवार.
भिलाला सहज तयारी विचारली. म्हणाला, मन्हं मेंढरू सापडनं, तुन्हा बाप सापडना का. अशा माणसाला मुले मान देणार नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार. बाजारातून येताच.
सापडले. बाजारात शेजारच्या दगूबाईचा नवरा भेटला. तो घरजावई. सगळे त्याला सासऱ्याच्याच नावाने ओळखतात. त्याच्या बापाचे नाव मलाही आठवेना. योसेफाचेही तेच असणार. एली हा मरीयेचा बाप, घरात मुलगा नसेल. मत्तयाने बापाकडून लिहिले, लूकाने सासऱ्याकडून. दोघेही खरे. एवढ्या वर्षांत विलायतेत हे कोणाला कसे सुचले नाही.

२५ जानेवारी, रविवार. दुपार.
सर्मन उत्तम. एकही नाव चुकले नाही. शेवटी आवाज चढवून सांगितले की घरजावई होण्यात कमीपणा नाही, सासऱ्याच्या घरी राबणाऱ्याचे नाव शास्त्राने थेट आदामाला नेऊन जोडले. गोवालमामा पुढेच बसून मान डोलावत होते. गुलाबबाईच्या आई दिवलीमामींनी डोळे पुसले. शास्त्राचा परिणाम.
मग गोवालमामा उठले. मंडळीला म्हणाले, या पोराला दोन वर्षे विनवतोय, आज देवासमोर हो म्हणाला. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो, सवयीने.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
बाला समजावले की ते फक्त स्पष्टीकरण होते. बा म्हणाला, मंडळीत आमेन झाले, आता काय फिरवतोस. आईला म्हणाला, चला, देज वाचले.

२७ जानेवारी, मंगळवार.
साहेब म्हणाले, सर्मन विचार करायला लावणारे होते. पोस्ट भिलाला. मी आता सासऱ्याच्या गावी राहणार, तिथून शाळा लांब पडेल, असे त्यांच्या कानावर आले आहे. म्हणजे अंतराचा प्रश्न होता, योग्यतेचा नव्हे.

३० जानेवारी, शुक्रवार.
गुलाबबाई त्यांच्या गावच्या विहिरीवर भेटली. सगळे सांगायला गेलो, की तो गैरसमज आहे. घागर भरता भरता म्हणाली, घरी येऊन हो म्हटले असतेस तरी चालले असते, त्यासाठी आदामापर्यंत कशाला गेलास. हसली. मग पुढचे बोलायचे राहिले. लग्न झाल्यावर सवडीने बोलू.

८ मार्च, रविवार. गोवालमामांचे घर.
दुपारी घरापुढच्या खळ्यावर मोलगीकडचा एक माणूस पाणी प्यायला थांबला. मला विचारले, तू कोणाचा. मी तोंड उघडेपर्यंत दिवलीमामी आतून म्हणाल्या, आमचा, गोवालचा. तो बरे म्हणून चालता झाला. लूकाला माहिती देणारी अशीच कोणी बाई असावी. दुरुस्ती करायला त्याच्या मागे निघालो. तेवढ्यात मामांनी बैल सोडायला हाक मारली. गेलो.