खोट्या हरणाचा महिना

प्रिय उमसुनाई एजे हिला धाकट्या बहिणीचा, बुरुलचा, मनापासून सलाम.

तुझी माणसं आणि जनावरं खुशाल आहेत ना? (आठव्या मजल्यावर तुझ्याकडे जनावर म्हणजे ते एक मांजर. त्याचीही चौकशी केली असं समज.) जावईबापूंची कंबर, सुनेचं बाळंतपण, नातवाची झोप, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक आहोत. गुरं ठीक आहेत. शेळ्या ठीक आहेत, फक्त त्यांच्या अंगात कपडे आहेत. त्याबद्दल पुढे लिहिते.

फोनच करणार होते. पण आपल्या घरात फोन लागतो तो खिडकीपाशीच, आणि खिडकीपाशी बाबा बसतात. डोळ्यांनी त्यांची साथ सोडली असली तरी कान अजून पंचविशीतले आहेत. हो, डोळ्यांनी साथ सोडलीय. दोन्हीत मोतीबिंदू आहे. मागच्या महिन्यात त्यांनी टोपी समजून माझी पिठाची चाळण डोक्यावर घातली आणि दाराबाहेर जाऊन आले. कुणी पाहिलं नाही. लोकांना कळलं तर काय होईल, याचाच घोर मला वर्षभर लागलाय. डोळे गेलेल्या माणसाला आभाळाबद्दल कोण विचारणार? आणि बाबांना कुणी विचारेनासं झालं, तर ते जेवतील, झोपतील, पण माझे बाबा राहणार नाहीत.

शहरात राहून तू विसरली असशील. शाळेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे महिने वेगळे आणि बाबांचे वेगळे. हिवाळ्यात चांद कृत्तिकांना अमावास्येनंतर नवव्या दिवशी भेटतो तो नवाचा महिना, मग साताचा, पाचाचा, तिनाचा, एकाचा. बाबा ही चांद-कृत्तिकांची गाठ मोजतात आणि गाव त्यावर चालतं: हिवाळ्याच्या शेगडीचं धुराडं कधी काढायचं, शेळ्यांची लोकर कधी विंचरायची, वरच्या कुरणात कधी जायचं. भिंतीवरच्या महिन्यांना शिकाऱ्यांनी दिलेली जनावरांची नावं आहेत, आणि त्यांतलं मार्चचं नाव मला सगळ्यांत खरं वाटतं. खोटं हरीण. मुलांना मी शिकवते, की या महिन्यात ऊन पडतं, बर्फ वितळतं, वाटतं हरणं आली, पण येत नाहीत. खरी येतात एप्रिलमध्ये. (पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मग खोटी हरणं जातात कुठे? मी तिला फळा पुसायला सांगितलं.) एजे, तुला म्हणून सांगते, मला हा खोटा महिना फार आवडतो. दुपारी दोन तास भिंतीला पाठ लावून उन्हात बसलं, की आपण चव्वेचाळीस वर्षांच्या आहोत हे विसरायला होतं. चार वाजता सावली आली की आठवतं.

तर झालं असं. आठ मार्चच्या महिला दिनाची गडबड संपली त्या आठवड्यात, चांदाच्या तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळून अंधार पडल्यावर बाबा अंगणात उभे राहिले. शेजारचे कुबात बाइके आणि त्यांची बायको बुब्यूश कुंपणाला टेकून वाट बघत होते. पश्चिमेच्या डोंगरावर मागच्या शरदात टेलिफोनचा टॉवर झालाय. त्याला वर पाच-सहा दिवे आहेत, आणि चांद नेमका त्यांच्या शेजारी होता. कृत्तिका चांगल्या दोन वीत वर होत्या. बाबांनी काठी उचलली ती सरळ टॉवरच्या दिव्यांकडे. म्हणाले, "गाठ पडली. तिसरा दिवस. बुरुल, दिसतंय ना?"

एजे, मी पोरांना गणित शिकवते. पाचाच्या जागी तीन लिहिलं तर लाल शाई वापरते. पण बाबांची मान अशी वर होती, आणि कुबात बाइके ऐकत होते. मी म्हटलं, "दिसतंय, बाबा."

बस. एका शब्दात मी गावाचा हिवाळा एक महिना कापला. दुसऱ्या दिवशी बुब्यूशने धुराडं काढून भिंतीला चुना लावला. कुबात बाइकेंनी अकराही शेळ्या विंचरून उघड्या केल्या. आणि मी, जिला खरं माहीत होतं, तीसुद्धा गालिचे धुऊन बसले, कारण मी धुतले नसते तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. दोन दिवसांनी, पाचव्याच दिवशी, चांद खऱ्या कृत्तिकांना भेटला. पहाटे बर्फ सुरू झालं ते गुडघ्यापर्यंत. माझे गालिचे गोठून दारांसारखे भिंतीला उभे राहिले. बुब्यूश धुराडं परत बसवताना ओल्या चुन्यात काजळी मिसळून झेब्र्यासारखी झाली. आणि शेळ्यांना घरातलं होतं नव्हतं ते घालावं लागलं. म्हाताऱ्या शेळीच्या अंगात कुबात बाइकेंचं लग्नातलं जाकीट आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा तिलाच ते बरं बसतं.

कुबात बाइके आले, उंबऱ्यावर बूट झाडले आणि म्हणाले, "आक्साकल, गावाचे वडीलधारे तुम्ही, शेळी विचारतेय, जाकीट कधीपर्यंत ठेवू?"

बाबा म्हणाले, "तिला सांग, तुझ्या पुढच्या लग्नापर्यंत."

सगळे हसले, बाबाही हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. कारण जाताजाता कुबात बाइकेंनी अंगणातच मुलाला हाक मारली, "अरे, तुझ्या फोनमध्ये बघ रे, उद्या काय आहे." बाबांनी ते ऐकलं. त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत एकाही माणसाने त्यांना महिना विचारलेला नाही. ते संध्याकाळी अंगणात जातात, उभे राहतात, आणि आत येऊन म्हणतात, चहा दे.

बाकी सर्व ठीक.

तुझी, बुरुल

ता. क. दवाखान्याचं मी विचारून ठेवलंय, तुझ्या घरापासून दोनच थांब्यांवर आहे. पण डोळ्यांचं नाव काढलं की ते उठून जातात. तेव्हा तू फोन कर आणि म्हण, नातवाला पाळण्यात घालायचंय, शुभ दिवस बाबांनी इथे येऊनच काढायचा. एकदा तिथे आले की तुझे जावईबापू, मोठी गाडी आणि थेट दवाखाना. डोळे हा शब्द उच्चारू नकोस.

ता. ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात बाबा म्हणाले, वाचून दाखव. मी गालिचे आणि शेळ्यांचं वाचलं. ते म्हणाले, "पानं सहा वेळा उलटलीस, आणि मजकूर दोन पानांचा?" मग सगळं वाचावं लागलं. चाळणीचंही.

ता. ता. ता. क. बाबा सांगतायत तसं लिहिते: "उमसुनाई, पुढे उन्हाळ्यात कृत्तिका चाळीस दिवस दिसेनाशा होतात, तेव्हा मला काम नसतं. तेव्हा येईन. आधी उजवा डोळा. आणि त्या संध्याकाळी मला टॉवर दिसला नव्हता, चांदही दिसला नव्हता. काठी मी अंदाजाने उचलली. ही म्हणाली दिसतंय, म्हणून मी गावाला सांगितलं. तेव्हा दोघांची वेळ घे. माझी डोळ्यांसाठी. आणि बापाला नाही म्हणता न येणाऱ्या जिभेचा कुणी डॉक्टर असेल, तर हिची."