मराएवरचा उभा दगड

माएव्हा, हुआहिने बेट
१२ जून १९७३

ती. तेउराताईस,
तिहोतीचा शि.सा.न.वि.वि. आई बरी आहे. तुझ्यापर्यंत काय पोचलंय कुणास ठाऊक, म्हणून मीच लिहितो.

रायातेआहून आत्या आली होती. तिला आपलं मराए, पूर्वजांचा तो दगडी चौथरा, बघायचं होतं. आजोबा तिला तिथेच पूर्वजांची नावं म्हणायला लावायचे. झुडपं तोडायला मी कोयता घेतला. जाऊन बघतो तर आपला पुनुआ चौथऱ्याचे दगड पहारीने उपटून ट्रकमध्ये भरतोय. नव्या हॉटेलच्या धक्क्यासाठी म्हणे. आपल्या सख्ख्या काकांचा मुलगा गं!

आजोबा टेकून बसायचे त्या उभ्या दगडाला आत्या पाठ लावून बसली. मेलेल्यांना टेकायला दगड कशाला लागतो, असं म्हणत पुनुआने तिला केसांना धरून फरफटवलं. तिचं कपाळ फुटलं. मी धावलो, तर त्याने पहार घातली. डाव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग मी त्याच्या गुडघ्याखाली कोयता मारला. दोनदा. तो पहिल्याच घावाला पडला होता.

लोभ कमी करू नकोस.
तुझा तिहोती

पापीते
१९ जून

चि. तिहोतीस,
अनेक आशीर्वाद. लहानपणापासून तुझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं.

इथल्या दवाखान्यात पुनुआचा पाय कापला. मी रोज त्याला माशाचं कालवण नेते. पहिल्या दिवशी त्याने वाटी माझ्यावर भिरकावली, मान भाजली. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने प्यायला. काल फौजदाराला त्याने सांगितलं की ट्रकमधून दगड पायावर पडला. मी आभार मानायला गेले, तर म्हणाला, तुझा भाऊ तुरुंगात गेला तर माझ्या हाती कसा लागेल?

आत्याबरोबर रायातेआला निघून जा. माझी माया आहेच, पण ऐक.
तेउरा

बोटीवरून
२६ जून

ती. ताईस,
शि.सा.न.वि.वि. तुझं ऐकलं नाही. पुनुआच्या पायापायी काकांनी आपल्या घरची होडी जाळली. मी अडवलं नाही, नुसता उभा राहून बघत होतो. मग चौकीत जाऊन सगळं सांगून टाकलं, दुसरा घावही. आता शिपायाबरोबर तिकडेच येतोय.

निघताना काका धक्क्यावर आले आणि माझ्या तोंडावर थुंकले. मग माझ्या धड हातात भाजलेल्या नीरफणसाचं पुडकं दिलं. पोराला दवाखान्यातलं जेवण जात नाही, म्हणाले.

बोट लागताच खलाशी हे पत्र तुला आणून देईल. धक्क्यावर ये आणि पुडकं घेऊन जा. मला पुनुआपर्यंत जाऊ देणार नाहीत.

आहे तशी माया असू दे.
तिहोती