तिसऱ्या नळीतला झेंडू

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मीही दुसरीतच शाळा सोडली, तरी रेघांचा कागद घेऊन बसले आहे. सून विचारून गेली, "कुणाला लिवताय, आत्ती?" मी म्हटलं, माहेरी. खोटं नाही ते.

माझ्या लेकीची लेक पुण्याला शिकते. काय शिकते, तर चिखल. हसू नकोस. तळ्याच्या तळाशी गाळ बसतो ना, त्यात दर वर्षी फुलांची धूळ पडते, तिला पराग म्हणतात, आणि ती हजारो वर्षं कुजत नाही. काचेखाली मोठी करून बघितली की कळतं, तेव्हा इथं कसलं रान होतं, पाऊस कितपत पडायचा. मीच तिला म्हटलं, आपल्या वाईच्या वरचं तळं बघ, परवाच्या दुष्काळातसुद्धा आटलं नाही ते. दसरा झाला आणि ती तिच्या सरांना घेऊन आली. मीही इस्लामपुराहून भावाकडं येऊन राहिले, उगीच, बघायला.

गुऱ्हाळावरच्या दोन कायली, गूळ आटवायच्या, बांबूंनी जोडून त्यांनी पाण्यावर सोडल्या आणि मधोमध जाऊन लोखंडी नळ्या खाली दाबल्या. वारा नव्हता. नळी वर येताना तळ्यानं लांब श्वास सोडल्यासारखा आवाज झाला आणि काठावरची बसलेली म्हसरं एकदम उठून उभी राहिली. तीन नळ्या निघाल्या. वरच्या गाळाची पहिली काळी, दुसरी राखेच्या रंगाची, सगळ्यात खालची तिसरी निळसर. तिच्याकडं नुसतं वाकलं तरी गालाला गारवा लागायचा.

"आज्जी, ही रामाच्या आदीची माती," नात म्हणाली. माझ्याशी ती आपल्या गावचंच बोलते.

"मग हिच्यात मेलेली फुलं हायती म्हण की."

"मेलेली कशी? अजून वळखू येत्यात. एकेकाचं तोंड येगळं."

मला लय बरं वाटलं ते ऐकून. तुझं तोंड मला आता आठवत नाही, आये. दिसते ती पाठ. मी सात-आठ वर्षांची आहे, तू त्याच तळ्यात कमरेइतक्या पाण्यात वाकली आहेस. बाकीच्या बाया पाण्यातल्या साती आसरांची ओटी भरतात आणि फुलं पाण्यावर सोडतात. तू एकटी मूठ खाली नेऊन झेंडू गाळात दाबतेस. "वर तरंगलं ते वाऱ्याचं झालं," म्हणतेस, "त्यास्नी खाली न्हेऊन द्यावं लागतंय." मी खेळातली चूल करायला तिथला ओंजळभर गाळ उचलते, तर ओल्या हाताचा धपाटा पाठीत. "इचारलंस का?" तो गाळ तू मला परत ठेवायला लावलास. पुढं मानमोडीच्या साथीत तू गेलीस. तुझ्यामागं तिथं खाली फुलं कुणी दिली नाहीत.

म्हणून मंडळी भाकरी खायला बसली तशी मी नळ्यांवरचं ओलं फडकं जरा सारलं, पहिल्या नळीतल्या गाळाला हळदकुंकू लावलं, भावाच्या परड्यातला झेंडू चुरगाळून वाहिला, आसरांना विचारलं, आणि फडकं होतं तसं ओढून घेतलं. दुसरीला वाहणार तोवर नातीनं जेवायला हाक मारली.

संक्रांतीच्या आसपास तिचं पत्र आलं. तिसऱ्या नळीत झेंडूची धूळ निघाली. हे फूल म्हणे परदेशातनं जहाजानं आलं, आणि ती माती त्याच्या कितीतरी आधीची. सरांना वाटलं, पोरीनं हयगय केली. वर्षाचं काम टाकून द्या म्हणाले. तिनं लिहिलं होतं, "आज्जी, माझं काही चुकलं नाही गं. पहिली नळी तर अगदी स्वच्छ आहे, झेंडूचा एक कण नाही."

पहिली स्वच्छ. मी ते तीनदा वाचलं. अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, आनंदही असा झाला की उठून शिरा केला. सून म्हणते, "आज कंचा सण हाय व्हय, आत्ती?"

मग एसटी धरून पुण्याला गेले आणि सरांपुढं उभी राहिले. "सर, पोरीची चूक न्हाई. ते फूल म्या वाह्यलंय."

"कुठल्या नळीला, आजी?"

पोरगी नखं खात माझ्याकडं बघत होती.

"तिसऱ्या."

"वरूनच ना?"

"वरूनच की. आत कशाला खुपशीन?"

सरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, वरची साल खरवडून टाकू, आतला गाळ पुन्हा बघू, काम वाया जाणार नाही. पोरीच्या तोंडावर रंग आला. स्टँडपर्यंत ती मला ओरडत आली, "लय अवघड हायस आज्जे तू," आणि गाडी सुटताना खिडकीतनं डझनभर केळी दिली.

आतला गाळ अजून बघून व्हायचा आहे. तिथं झेंडू निघाला तर तिचं वर्ष गेलं, मग माझं बोलणंही उपयोगाचं नाही. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला माहीत नाही, तेव्हा लुगड्यांच्या घडीत राहू दे. तिसऱ्या नळीला मी हात लावला नव्हता, आये. पोरीसाठी रोज सकाळी देवापुढं म्हणते, आत काही निघू नये. म्हणते, पण मनातनं वाटतं, निघावं.