खांड्याशी लग्न

१४ मे १९९९, देवळाली कॅम्प

काल माझं लग्न झालं आणि नवराच लग्नाला नव्हता. लिहितानाही हसू येतंय.

पत्रिका वाटून झालेल्या, देवळ्याला माहेरी दारात मांडव पडलेला, आणि काश्मीरहून जीवनचा फोन, की सुट्टी रद्द, सीमेवर काहीतरी गडबड आहे. परवापासून अधिक महिना, म्हणजे मुहूर्तच नाही. माझे वडील डोक्याला हात लावून बसले. तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तोडगा काढला. पूर्वी नवरा मोहिमेवर असला की त्याचा खांडा आणून मुलीचं लग्न खांड्याशी लावत, आपणही तसंच करू म्हणाले. त्यांच्या घराण्यात तलवार कधी नव्हतीच, पण संग्रहात कपाटभर आहेत. त्यातली सगळ्यात देखणी त्यांनी आणली, जपानी लष्करी अधिकाऱ्याची. आत्या म्हणाली, बरं झालं, हा जावई मानपान तरी मागणार नाही.

अंतरपाट दूर झाला आणि समोर पाटावर मुंडावळ्या बांधलेली तलवार उभी. मी हार घातला. कोणीतरी फिसकन हसलं, मीही हसले. लग्नाचा फोटो जीवनला पाठवणार आहे, म्हणजे त्याला जळायला होईल.

घर छान आहे. बैठा बंगला, मागे पेरूची झाडं, हवा गार. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. स्वयंपाकाला मंगलाबाई आहेत, पेठकडच्या, बोलायला मोकळ्या. मला इथे करमेल.

१९ मे

आबांनी संग्रह दाखवला. निवृत्त कॅप्टन माणूस, पण तलवारींजवळ गेला की आवाज हळू होतो. ब्रह्मदेशातल्या लढाईच्या शेवटी जपानी अधिकारी शरण आले, तेव्हा त्यांनी या खाली ठेवल्या. आपल्याकडच्या काही जवानांनी त्या ट्रंकेतून घरी आणल्या. आबा गेली वीस वर्षं गावोगाव फिरून त्यांच्या नातवंडांकडून गोळा करताहेत. ‘माझी’ तलवार सायखेड्याला एका घरात माळ्यावर सरपणाखाली सापडली. मुठीवर रेशमी फीत आवळून बांधलेली, फितीखाली माशाचं खरबरीत कातडं. पात्याला बोट लावायचं नाही, घामाने गंज चढतो. पुसायचं ते लवंगेचा वास असलेल्या तेलाने. ते काम आता माझ्याकडे आलंय.

मुठीला एक लाकडी पट्टी दोऱ्याने बांधली आहे, तिच्यावर शाईने काहीतरी लिहिलेलं. आबा म्हणाले, ते मालकाचं नाव आणि गाव. कधीतरी तलवार परत मिळेल या आशेने ते अशी पट्टी बांधून देत. खरा संग्राहक ती काढत नाही, म्हणून लग्नातही ती तशीच होती.

म्हणजे नवरदेव नाव लावूनच उभा होता. मी आबांना तसं म्हटलं, तर ते पोट धरून हसले.

२ जून

जीवनचा फोन आला. आवाज तुटत होता. माझा बदली कामगार नीट वागतोय ना, असं विचारलं. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरा, उलट बोलत नाही. टीव्हीवर आता रोज कारगिल असतं. फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन रडले. साखरपुड्याला एकदा आणि सिनेमाला एकदा, एवढाच काय तो सहवास. तरी हा माणूस मला हवाय, मनापासून हवाय.

१२ जून

दुपारी मंगलाबाईंनी माझ्यासमोर दुसरं ताट वाढलं. आबा जेवून झोपले होते. मी विचारलं, हे कोणाला? त्या म्हणाल्या, “धाकल्या सायबांना. कवा आलं म्हनायचं? मघाधरनं खोलीत बसल्यात, पायातलं बूटबी नाय काढलं. लय गप हायेत.”

मी धावत गेले. खोलीत कोणी नव्हतं. दाराकडे पाठ करून खुर्ची होती आणि लवंगेच्या तेलाचा वास येत होता. मंगलाबाईंना पुन्हा विचारलं, दिसायला कसे होते? म्हणाल्या, ठेंगणे, मानेवर केस बारीक कापलेले.

जीवन सहा फूट आहे.

२० जून

रोज दुपारी तो वास येतो. हे जेवायला बसले की वरण लगेच गार होतं.

वर मी काय लिहिलं? ‘हे’ लिहिलं. मला तर ताट गार होतं असं लिहायचं होतं. नवऱ्याला ‘हे’ म्हणणाऱ्या बायकांची मी कॉलेजात नक्कल करायचे.

आबांना सगळं सांगितलं. तलवार कोणाला तरी देऊन टाका म्हटलं. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “सूनबाई, तुझं लग्न तिच्याशी लागलं ते जीवनच्या नावाने. तो रणावर आहे. आता ती घराबाहेर काढली तर कोणाला घराबाहेर काढलं, सांग.”



२८ जून

वटपौर्णिमा. कॉलनीतल्या बायकांबरोबर गेले. वडाला सूत गुंडाळलं, जन्मोजन्मी हाच पती मिळो म्हटलं. बोलून गेले आणि मग थबकले. हाच म्हणजे कोणता? देवाला तर माझं लग्न कोणाशी लागलं तेच दिसणार.

नंतर बायकांनी नाव घ्यायचा आग्रह केला. मला नाव आठवेना. सगळ्यांना वाटलं, नवी नवरी लाजते आहे. घरी येऊन ही वही चाळली, तेव्हा सापडलं. जीवन. जीवन. जीवन.

६ जुलै

फोन वाजला. आबांनी घेतला, थोडं ऐकलं आणि राँग नंबर म्हणून ठेवला. कोण होतं विचारलं. कोणी मुलगा होता, मला आबा आबा म्हणत होता, असं म्हणाले, आणि पेपर वाचायला बसले.

मी फोनजवळ संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पुन्हा आला नाही.

१० जुलै

तलवार चादरीत गुंडाळून निघाले. भर दुपार, रिक्षाही मिळाली. रामकुंडावर पायरीवर उभी राहिले. सोडून द्यायची, बस. पण आबांचं बोलणं डोक्यातून जाईना. जीवनच्या नावाने हिला हार घातला. आज हिला बुडवलं आणि तिकडे डोंगरावर त्याला काही झालं तर? आणि नाही बुडवलं तर—

परत आणली. कपाट उघडंच होतं. आतली जागा पुसून ठेवलेली होती.

१७ जुलै

दिवाणखान्यातला जीवनचा फोटो मंगलाबाईंनी खाली काढला. हे कोन पाव्हनं, म्हणाल्या. आबांनी चष्मा लावून पाहिला. मित्राचा मुलगा असेल म्हणाले.

मी ओरडले. तुमचा मुलगा आहे तो, आबा. ते माझ्याकडे दयेने बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, मुलगा आत बसलाय.”

२७ जुलै

लढाई संपली. रस्त्यावर पेढे वाटले. मलाही आनंद झाला, पण कोणासाठी झाला ते—

फोटो उशीखाली ठेवते. उंच. डाव्या भुवईवर व्रण. हसरा. हे लिहून ठेवते आहे, कारण सकाळी फोटो पाहिला आणि परका वाटला.

९ ऑगस्ट

ह्यांना वही आवडत नाही. बोलत नाहीत, पण बाजूला येऊन उभे राहतात. श्वासाचा आवाज नाही. तेलाचा वास—

आज त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. गार. मी हात काढून घेतला नाही. याचीच भीती वाटते, की मी काढून घेतला नाही.

१५ ऑगस्ट

मागची पानं कोणाची? अक्षर माझं आहे. कोणी एक जीवन. कोण—

फोटो उशीखाली नाही. कोणाचा होता?

२२ ऑगस्ट

फाटकाशी माणूस उभा आहे. उंच, खांद्यावर बॅग, हात गळ्यात बांधलेला. आबांनी चुकीचा पत्ता म्हणून दार लावून घेतलं. तो जात नाही. मला हाक मारतो. माझं नाव त्याला कसं—

खिडकीतून पाहिलं. रडतो आहे. एवढा मोठा माणूस. मलाही रडू येतंय, का ते कळत नाही.

हे मागे उभे आहेत. दार उघडू नको, असं त्यांचं म्हणणं.

तो आता ओरडून स्वतःचं नाव सांगतो आहे. ऐकू आलं. विसरायच्या आत लिहिते. त्याचं नाव जी